कोणी कोणाची भाषा शिकावी? अंकारा शहरातील दोन प्रयोग

परदेशी विद्यापीठाशी हातमिळवणी करून वास्तुरचना आणि नगररचना इंग्रजीतून शिकविणारी शाळा काढण्याचा बेत कोठे निघाला, की आपल्याकडे ताबडतोब दोन तट पडतात. एक तट म्हणतो, घर बांधणे ही मातीची विद्या. ती परक्या भाषेत शिकून आलेला मुलगा गवंड्याशी काय बोलणार? दुसरा तट म्हणतो, ग्रंथ इंग्रजीत, अध्यापक इंग्रजी बोलणारे, कामे जगभर. मग मराठीचा हट्ट धरून मुलांचे नुकसान का करावे? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षण मातृभाषेतूनही द्यावे असे सांगितले, आणि त्यास अनुसरून २०२१ पासून पुण्याजवळच्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकविण्यास आरंभ झाला. त्याच धोरणाने परदेशी विद्यापीठांनाही दार उघडले, आणि २०२३ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांच्या शाखांविषयीचे नियम प्रसिद्ध केले. एकाच घराची समोरासमोरची दोन दारे एकदम उघडली आहेत.

असा वाद नुसत्या तर्काने सुटत नसतो. म्हणून एका शहराची हकीकत सांगावी असे आम्ही योजिले आहे. ते शहर म्हणजे तुर्कस्तानची राजधानी अंकारा. तेथे पाव शतकाच्या आत हे दोन्ही प्रयोग होऊन गेले. पहिल्यात परदेशी अध्यापकांनी तुर्की शिकावी असा करार होता. दुसऱ्यात तुर्की विद्यार्थ्यांनी इंग्रजी शिकावी अशी अट होती. देश तोच, विषय जवळजवळ तेच आणि अडचणही तीच. इतकी चांगली तुलना इतिहास आपणांस क्वचितच आयती देतो.

प्रथम अडचण काय होती ते पाहू. अंकारा हे अनातोलियाच्या पठारावरील एक मध्यम गाव. लांब केसांच्या शेळ्या आणि त्यांची लोकर याकरिता प्रसिद्ध. १९२३ साली नव्या प्रजासत्ताकाने इस्तंबूल सोडून तेथे राजधानी नेली. हेर्मान यान्सेन या जर्मन नगररचनाकाराने शहराचा आराखडा केला. काही दशकांत वस्ती तीन लाखांवर जाईल, असा त्याचा हिशेब होता. परंतु १९५० च्या शिरगणतीतच ती सुमारे २ लाख ८९ हजार भरली आणि १९६० मध्ये साडेसहा लाखांवर गेली. खेड्यांतून लोंढे येत होते. त्यांना जागा नव्हती, घर नव्हते. परंतु हात होते आणि रात्र होती. सरकारी टेकडीवर अंधार पडताच भिंती उभ्या करावयाच्या आणि पहाटेपूर्वी छप्पर चढवावयाचे. कारण छपराखाली संसार मांडला गेला की पाडणाऱ्यांचे हात आखडतात, असा लोकांचा भरवसा होता. या घरांना तुर्कीत नाव पडले 'गेजेकोंदू'. त्याचा अर्थ, रात्रीत येऊन बसलेले. पाखरू फांदीवर येऊन बसते ना, त्या बसण्याचे हे क्रियापद आहे. मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांस या घरांचे अधिक वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

आता पहिला प्रयोग. १९३३ साली हिटलरच्या राजवटीने ज्यू आणि विरोधी मताच्या अध्यापकांना जर्मनीतील विद्यापीठांतून हाकलण्यास आरंभ केला. नेमके त्याच वर्षी तुर्कस्तानने इस्तंबूलचे जुने विद्यापीठ मोडून नवे स्थापिले. एका देशाने टाकलेली विद्या दुसऱ्याने उचलून घेतली. परंतु ती घेताना तुर्की सरकारने जी सावधगिरी दाखविली, ती आम्हांस फार महत्त्वाची वाटते. या अध्यापकांशी जे करार झाले त्यांत असे कलम होते, की आरंभी दुभाष्याच्या साहाय्याने व्याख्याने द्यावी, तीन वर्षांत तुर्की शिकून पुढे तिच्यातूनच शिकवावे, आणि विद्यार्थ्यांकरिता तुर्कीत पाठ्यपुस्तके तयार करावी. यजमान गरीब होता, पाहुणे नामांकित होते; तरी भाषा शिकण्याचे ओझे यजमानाने पाहुण्याच्या डोक्यावर ठेविले.

याच वातावरणात ब्रूनो ताउट हा विख्यात वास्तुविशारद १९३६ साली इस्तंबूलच्या ललितकला अकादमीत वास्तुविभागाचा प्रमुख म्हणून आला. त्याच्या वाट्यास पुरती तीन वर्षेही आली नाहीत. नोव्हेंबर १९३८ मध्ये केमाल अतातुर्क वारले, तेव्हा त्यांच्या शवपेटिकेसाठी उभारावयाच्या मंडपाचे काम ताउटने केले. आणि पुढच्याच महिन्यात तो स्वतः इस्तंबुलात मरण पावला. परंतु तेवढ्या अवधीत त्याचे वास्तुविद्येवरील पुस्तक तुर्कीत भाषांतरित होऊन १९३८ सालीच छापून निघाले होते. मूळ जर्मन पुस्तकाच्या रूपाने ते वाचण्यास जर्मन वाचकांना पुढे कित्येक वर्षे वाट पाहावी लागली. जर्मन माणसाचा ग्रंथ प्रथम तुर्कीत निघावा, हा त्या एका कलमाचा प्रताप.

दुसरा माणूस एर्न्स्ट रॉयटर. हा माग्डेबुर्ग शहराचा महापौर होता. नाझींनी त्यास दोनदा छळछावणीत टाकले. सुटल्यावर १९३५ साली तो अंकाऱ्यास आला. प्रथम सरकारी सल्लागार, मग राज्यशास्त्राच्या उच्च विद्यालयात नगरशास्त्राचा अध्यापक. पहिल्या महायुद्धात रशियनांच्या कैदेत असताना तो रशियन शिकला होता. आता चाळिशी उलटल्यावर तो तुर्की शिकला, आणि चांगली शिकला. १९४० साली त्याचे नगरपालिका आणि नगररचना यांवरील पाठ्यपुस्तक तुर्कीत प्रसिद्ध झाले. तुर्कीत नगररचनेस 'शेहिरजिलिक' म्हणतात. या शब्दात आपले 'शहर' बसलेले श्रोत्यांच्या कानांस ऐकू आलेच असेल. फारसीने ते त्यांनाही दिले आणि आम्हांसही. तुर्कीत वास्तुविशारदास 'मिमार' म्हणतात, विकासाच्या आराखड्यास 'इमार' आराखडा म्हणतात, आणि आपली 'इमारत' त्याच अरबी धातूपासून आलेली आहे. तेव्हा या गोष्टी आपण वाटतात तितक्या परक्या घरच्या नव्हेत. रॉयटर १९४६ साली परत गेला आणि पुढे रशियनांनी बर्लिनची कोंडी केली तेव्हा पश्चिम बर्लिनचा नेता म्हणून जगभर गाजला. अंकाऱ्यात मात्र त्याचा साहाय्यक फेहमी यावूझ याने तो विषय तुर्कीतून पुढे चालविला. गुरू गेला, परंतु शब्द मागे राहिले.

हे सारे ऐकून पहिल्या तटाने टाळी वाजविण्यापूर्वी दुसरी बाजूही ऐकावी. करारात लिहिले म्हणून सर्वच जर्मन अध्यापक तुर्की शिकले असे नाही. पुष्कळांचे गाडे दुभाष्यावरच चालले. शिवाय ही वाट संथ होती. रॉयटरसारखा एक माणूस दहा वर्षांत शासनाधिकाऱ्यांच्या कित्येक तुकड्या शहाण्या करू शकतो. परंतु आराखडा कागदावर काढणारे आणि जमिनीवर उतरविणारे हात त्याच्या वर्गात तयार होत नव्हते. इस्तंबुलात वास्तुविद्येच्या जुन्या, नामांकित शाळा होत्या. पण नगररचनेचे स्वतंत्र शिक्षण देशात कोठेच नव्हते. आणि इकडे टेकड्यांवर रोज रात्री घरे येऊन बसत होती.

१९५४ साली संयुक्त राष्ट्रसंघाने चार्ल्स एब्रम्स यांस तुर्कस्तानात गृहनिर्माणाची पाहणी करण्यास पाठविले. एब्रम्स मूळचे वकील. न्यूयॉर्कच्या गृहनिर्माण मंडळाचे ते कायदेसल्लागार होते. असा तज्ज्ञ येतो, महिना-दोन महिने राहतो, अहवाल लिहितो आणि विमानात बसतो. अहवाल कपाटात बसतो. एब्रम्स यांचे वैशिष्ट्य असे, की आपल्या जातीच्या तज्ज्ञांचा हा उपयोग त्यांना पुरता ठाऊक होता. बाहेरचा माणूस आणून हा प्रश्न सुटणार नाही, येथेच माणसे तयार करणारी शाळा हवी, असे त्यांचे मत झाले. रस्तेखात्याचे कर्तबगार प्रमुख वेजदी दिकेर यांच्यासारखे तुर्की अधिकारी पाठीशी उभे राहिले. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने भागीदारी पत्करली. तेथील कलाशाखेचे अधिष्ठाता होम्स पर्किन्स यांनी आखणी केली. आणि १५ नोव्हेंबर १९५६ रोजी अंकाऱ्यात 'मध्यपूर्व उच्च तंत्रविद्या संस्था' सुरू झाली. आज ती मध्यपूर्व तंत्र विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. एवढे मोठे विद्यापीठ. परंतु त्याचा पहिला वर्ग वास्तुरचनेचा होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

शिक्षणाचे माध्यम इंग्रजी. का? अध्यापक अमेरिकन, ग्रंथ इंग्रजी, ही दोन कारणे उघड आहेत. तिसरे कारण अधिक विचार करण्याजोगे आहे. ही शाळा एकट्या तुर्कांसाठी नव्हती. सगळ्या मध्यपूर्वेतील विद्यार्थ्यांनी तेथे यावे अशी कल्पना होती. अरबी, फारसी, उर्दू, तुर्की बोलणारी मुले एका बाकावर बसावयाची, तर कोणा एकाची भाषा दुसऱ्यावर कशी लादणार? म्हणून जी कोणाचीच नाही ती सर्वांची. हा युक्तिवाद आपण भारतात इतक्या वेळा ऐकला आहे, की तो अंकाऱ्याचा आहे असे सांगावे लागते.

आरंभीचा थाट मात्र काही नव्हता. किझिलाय चौकाजवळील सरकारी पेन्शन फंडाच्या एका लहानशा इमारतीत वर्ग भरत. नंतर संसदभवनाच्या मागील बराकींत बिऱ्हाड हलले. १९५९ साली विद्यापीठाचा स्वतंत्र कायदा झाला. १९६१ साली नगर व प्रदेश रचनेचा विभाग निघाला. तुर्कस्तानातील या प्रकारचा तो पहिला. त्याच वर्षी केमाल कुर्दाश कुलगुरू झाले आणि शहराबाहेरच्या उजाड माळावर विद्यापीठाचे गाव वसविण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. स्पर्धा जिंकून त्याचा आराखडा केला तो बेहरूझ आणि आल्तू चिनिजी या तरुण तुर्की दांपत्याने. दोघेही इस्तंबूलच्या तंत्र विद्यापीठात, म्हणजे तुर्कीतून, शिकलेली. इंग्रजीतून वास्तुविद्या शिकविणाऱ्या शाळेचे घर तुर्कीतून शिकलेल्यांनी बांधावे, यातील गंमत त्या वेळी कोणाच्या ध्यानी आली की नाही कोण जाणे! वास्तुविभागाची इमारत पहिली उभी राहिली. भिंतींना गिलावा नाही, रंग नाही, फळ्यांचे ठसे उमटलेले उघडे काँक्रीट. १९६३ मध्ये विद्यापीठ तेथे राहावयास गेले. कुर्दाश यांनी विद्यार्थी, अध्यापक, शिपाई सर्वांच्या हाती फावडी देऊन माळावर झाडे लावविली. आज तेथे तीन हजार हेक्टरांवर वन उभे आहे, आणि या वनास १९९५ साली वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. झाडांना वास्तुकलेचे पारितोषिक मिळाल्याचे उदाहरण विरळाच!

परंतु आम्हांस या सगळ्याहून एक लहानशी गोष्ट अधिक मोलाची वाटते. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून या शाळेने असा शिरस्ता पाडला, की नव्या विद्यार्थ्यांनी उन्हाळ्यात अनातोलियाच्या खेड्यांत जावयाचे आणि तेथे स्वतःच्या हातांनी एखादी लहान इमारत उभारावयाची. शाळेची खोली म्हणा, दवाखाना म्हणा. वर्षभर इंग्रजीत आकृत्या काढल्या, इंग्रजीत टीका ऐकली. आता माती कोणती, दगड कोठला, पाऊस कोणत्या अंगाने येतो, हे गावकऱ्यांस विचारावयाचे. ते काही इंग्रजीत विचारता येत नाही. शाळेच्या नियमाने जी भाषा वर्गाबाहेर ठेविली होती, तिच्याकडे शाळेच्याच दुसऱ्या नियमाने मुलांना उन्हाळ्यात परत धाडले.

आमचा अनुभव सांगतो. एका घराचे बांधकाम पाहत असता आम्ही तेथील म्हाताऱ्या गवंड्यास त्याच्या हत्यारांची नावे विचारली. ओळंबा, गुण्या, थापी, रंधा, अशी नावे त्याने भराभर सांगितली. मग कामाविषयी बोलू लागला, तेव्हा कॉलम, बीम, स्लॅब, सेंट्रिंग, प्लिंथ. जोत्यास तो जोते म्हणे आणि प्लिंथही म्हणे. समोर कोण उभे आहे ते पाहून. त्यास कोणत्याही समितीने परिभाषा करून दिली नव्हती. दोन भाषांमधला पूल त्याने आपला आपण बांधला होता. आमचे शिकलेले लोक मात्र त्या पुलाच्या एकाच टोकास उभे राहून भांडत असतात.

असो. अंकाऱ्यात पुढे काय झाले? अमेरिकन पैशाने आणि इंग्रजी भाषेत शिकलेली ही मुले अमेरिकेची भाट होतील अशी भीती अनेकांस होती. कदाचित काहींना तशी आशाही असेल. दोघेही फसले. ६ जानेवारी १९६९ रोजी अमेरिकन राजदूत रॉबर्ट कोमर कुलगुरूंच्या भेटीस विद्यापीठात आले असता विद्यार्थ्यांनी त्यांची मोटार उलथून पेटवून दिली. त्याच सुमारास क्रीडांगणाच्या पायऱ्यांवर 'देव्रिम', म्हणजे क्रांती, हा शब्द प्रचंड अक्षरांत रंगविला गेला. तो तुर्कीत आहे. मोटार जाळण्याचे आम्ही समर्थन करीत नाही. सांगावयाचे एवढेच, की माध्यम इंग्रजी केल्याने मन इंग्रजी होते, हा पहिल्या तटाचा सिद्धांत त्या दिवशी धुरात गेला.

आणि दुसऱ्या तटाचा? इंग्रजीतून शिकलेला माणूस जगाचा होतो, त्याचा विषय जगाचा होतो, असे तो म्हणतो. या विद्यापीठातून निघालेले सर्वांत नामांकित नगररचनाकार म्हणजे इल्हान तेकेली. अभियांत्रिकी इस्तंबुलात केल्यावर नगररचनेची पदव्युत्तर पदवी त्यांनी अंकाऱ्याच्या याच विभागात घेतली, मग पेन्सिल्व्हेनियास जाऊन तेथीलही घेतली. म्हणजे या भागीदारीच्या दोन्ही टोकांचे पाणी प्यायलेला माणूस. त्यांनी आयुष्यभर लिहिले ते मुख्यतः तुर्कीत, आणि पुस्तकांचे मोठे कपाट भरेल इतके. १९७६ साली दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी एक पुस्तक काढले. त्याच्या नावाचा अर्थ असा, की गेजेकोंदूंचे, दोल्मुशांचे आणि फेरीवाल्यांचे शहर. दोल्मुश म्हणजे भरली की सुटणारी भाड्याची मोटार. आपल्या वडापाची सख्खी बहीण. रात्रीत बसलेले घर, वडाप आणि हातगाडी हा शहराला लागलेला रोग नसून असल्या देशांतील शहर चालते ते याच गोष्टींच्या आधाराने, ही त्यांची दृष्टी. फिलाडेल्फियाच्या वर्गात ही तीन नावे कोणी शिकविली नसतील. तेथे विचार करण्याची रीत मिळाली. विचार कशाचा करावयाचा ते अंकाऱ्याच्या टेकड्यांनी सांगितले. १९७५ साली वास्तुशाखेने आपले नियतकालिक सुरू केले, तेही तुर्की आणि इंग्रजी दोन्ही भाषांत. शाळेचे माध्यम इंग्रजी होते आणि आजही आहे. परंतु शाळेने जे मिळविले ते गावाच्या भाषेत परत आणून ठेवण्याचे काम तेथील माणसांनी केले, आणि गेजेकोंदू हा शब्द तर उलट इंग्रजी ग्रंथांत जाऊन बसला.

फरक पाहा. १९३३ मध्ये हे परत आणण्याचे काम करारात लिहिलेले होते आणि ते शिक्षकावर होते. १९५६ मध्ये ते कोठेच लिहिलेले नव्हते. विद्यार्थ्यांनी ते आपणहून केले. का केले, याचे आमचे उत्तर असे, की तेथे रॉयटर आणि यावूझ यांच्या पिढीने शब्द अगोदरच तयार करून ठेविले होते. इंग्रजीतून शिकून आलेल्या मुलास तुर्कीत लिहावेसे वाटले, तेव्हा लिहिण्यास भाषा तयार होती. पहिला प्रयोग झाला नसता तर दुसऱ्याचे फळ परभारे गेले असते. या अनुमानास कोणी आक्षेप घेईल, घ्यावा. आम्हांस मात्र दुसरे कारण सापडत नाही.

आता आपल्याकडे वळू. मुंबईस जे. जे. कलाशाळेत वास्तुविद्या आली ती इंग्रजीतूनच. १९१९ साली मुंबई विद्यापीठाने पॅट्रिक गेडीस यांस समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे अध्यापक नेमले. तीही व्याख्याने इंग्रजीत. पवई येथील तंत्रसंस्था १९५८ साली सोव्हिएत साहाय्याने निघाली, आणि माध्यम ना देणाऱ्याचे ना घेणाऱ्याचे, तर इंग्रजी. कोणाही परदेशी अध्यापकास मराठी शिकण्याची अट आपण घातल्याचे आमच्या वाचनात नाही. रावसाहेब कृष्णाजी विनायक वझे यांच्यासारख्या अभियंत्याने प्राचीन शिल्पशास्त्राचे सार मराठीत आणिले, तो एकट्याचा उद्योग होता. त्यामागे शाळा नव्हती. गेडीस यांस मात्र अडचण कळत होती. होळकरांच्या इंदुरात प्लेगाने लोक घरे सोडून पळत होते. त्या वेळी त्यांनी दिवाळीची एक मोठी मिरवणूक काढविली, तीत उंदरांच्या प्रचंड प्रतिमा फिरविल्या आणि ज्या गल्लीत घरे अधिक झाडून-सारवून ठेविली असतील तिकडून ती जाईल असे जाहीर केले. गावाची भाषा येत नव्हती, म्हणून गावाचा सण बोलता केला.

आजची स्थिती आपण सर्व जाणतो. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती व सूचना ठराविक मुदतीत द्याव्या अशी जाहिरात येते. आणि आपल्या घरावरून रस्ता जातो की नाही हे विचारण्यास माणूस वकिलाकडे जातो. 'चटई क्षेत्र निर्देशांक' हा शब्द सरकारी कागदावर आहे. तो कळण्यासाठी नागरिक विचारतो, "म्हणजे एफएसआय ना?" दोन्ही शब्द त्याच्या आयुष्यावर चालतात आणि दोन्हींचा अर्थ त्यास कोणी मराठीत समजावून सांगितलेला नसतो. अशा स्थितीत परदेशी विद्यापीठ येथे आले आणि इंग्रजीतून उत्तम नगररचना शिकवू लागले, तर आम्ही त्यास अडविणार नाही. येऊ द्यावे. परंतु करारावर सही करताना आपल्या बाजूने दोन कलमे घालावी. एक, प्रत्येक विद्यार्थ्याने एक उन्हाळा महाराष्ट्रातील एखाद्या खेड्यात वा वस्तीत हाताने बांधकाम करून काढावा. दुसरे, जो आराखडा वा प्रबंध येथील एखाद्या गावासंबंधी असेल, त्याची मराठी प्रत त्या गावच्या नगरवाचनालयात ठेविल्याशिवाय पदवी देऊ नये. अध्यापकांनी मराठी शिकावी असे तिसरे कलम घालण्याचा आम्हांस मोह होतो. रॉयटर ज्या वयात तुर्की शिकला, त्या वयाचे अध्यापक आले तर तेही घालावे.